पंगतीतून उठलेले काका

मागच्या उन्हाळ्यात एका खेड्यातल्या लग्नात शेजारचे जाधवकाका माझ्या बाजूला जेवायला बसले होते. सगळी नोकरी त्यांनी गुरांच्या दवाखान्यात काढली. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पहिला घास घेतला, तोच मांडवामागून म्हैस ओरडली.

"ही अडलीय," म्हणत काका भरल्या ताटावरून उठले. मीही मागोमाग गेलो.

गोठ्यात घरची सून रडकुंडीला आली होती. काकांनी नवा सदरा काढला, कोपरापर्यंत साबण लावला आणि शेणातच गुडघे टेकले. रेडकाचा पाय आत दुमडला होता. "सोस गं बाई, थोडंच राहिलंय," ते म्हशीला सांगत होते. तो आवाज ऐकताना वाटलं, अशा किती गोठ्यांत, किती जनावरांना या माणसाने हेच सांगितलं असेल! आणि मला मात्र ते फक्त शेजारी म्हणून ठाऊक.

अर्ध्या तासाने रेडकू बाहेर आलं. काकांनी त्याचं नाक पुसलं, छाती चोळली. ते शिंकलं, तशी सून रडत-हसत काकांच्या पायाशी वाकली.

"डॉक्टर, तुमचं नाव तरी सांगा."

"नाव राहू दे, पोरी. आधी तिला कोमट पाणी पाज."