एक वजा चिन्ह

मे महिन्यातला शनिवार, दुपार. स्थळ: पनवेल, एसटी स्टँडमागचं आमचं ऑफिस. हजर: मी आणि माझी सहकारी फरीदा. फोनवर: कोन गावच्या हिराकाकी.

आधीच सांगते, चमत्कारांवर माझा विश्वास नाही. पावसाचं पाणी नदीत किती वाहतं, जमिनीत किती मुरतं, याचं कॉम्प्युटरवर गणित मांडणं हे माझं काम. सध्या आम्ही गाढी नदीच्या खोऱ्याचं मॉडेल करतोय.

हिराकाकींची विहीर त्याच खोऱ्यात. आजूबाजूला बोअर झाल्या आणि ती आटली. सोमवारी त्यांचे दीर जेसीबी आणून ती बुजवणार होते. विहीर गेली की काकींचा भाजीचा मळा कायमचा गेला.

"बाय, पानी परत येल का नाय, तेवरा सांग," काकी म्हणाल्या होत्या. "तुजा कागुद बगून थांबतील ते."

उत्तर मला माहीत होतं: येणार नाही. फक्त आकड्यांत दाखवायचं होतं.

मॉडेल चालवलं आणि फरीदा ओरडली, "या अल्ला! मॅडम, विहीर भरली की!"

स्क्रीनवर चार मीटर पाणी! चूक माझीच होती. बोअरच्या उपशाचे आकडे वजा चिन्ह लावून भरायचे असतात, ते राहिलं होतं. त्यामुळे मॉडेलच्या लेखी सगळ्या बोअर उपसण्याऐवजी जमिनीत पाणी ओतत होत्या.

दुरुस्त करणार, तोच फोन वाजला.

"बाय गो, बावीत पानी आयलंय! तुमी काय केलंव?"

"काही नाही हो काकी..."

"सांगा ना," फरीदा कुजबुजली, "टायपिंग मिस्टेक."

रिक्षा करून कोनला गेलो. विहिरीत टेप सोडला — चार मीटर. पाणी गोड. पाऊस नाही, पाइपलाइन फुटलेली नाही, बोअर सगळ्या चालूच. नळाचं पाणी असेल म्हणून क्लोरीन तपासलं, तेही नाही.

दीर काठावरून वाकून वाकून बघत होते. काकी म्हणाल्या, "भावजी, बोलवा तुमचा जेसीबी. त्याला पन आंघोल घालू."

जेसीबी आला नाही. काकींनी भेंडी लावली.

नंतर मी फाइलची कॉपी करून त्यात वजा चिन्ह टाकलं. मॉडेलमधली विहीर कोरडी! म्हणजे गणित बरोबर होतं. मग पाणी कुठलं? सीनियर म्हणतात योगायोग. असेलही.

मूळ फाइलला मात्र अजून हात लावलेला नाही. रोजच्या कामांच्या यादीत पहिली ओळ तीच: वजा चिन्ह टाकणे.

"मॅडम, मी टाकू का?" फरीदा विचारते.

"थांब गं. आधी काकींची भेंडी निघू दे."