दोराला लावलेला हात

वाळूवर मासळीचे सारखे वाटे मांडले होते आणि त्यातला एक माझा होता.

एका प्रवासपुस्तकासाठी मी फिलिपीन्समधल्या सोरसोगोन प्रांताची माहिती गोळा करत होते. वहीत इतिहास होता: स्पॅनिश राजवटीत इथे मोठी गलबतं बांधत. भूगोल होता: समुद्र, नारळ, मागे ज्वालामुखी. अर्थव्यवस्थेसमोर मी ‘मासेमारी’ एवढंच लिहिलं होतं.

किनाऱ्यावर अख्खं गाव जाळं ओढत होतं, आमच्या कोकणातल्या रापणीसारखं. मी दोर धरला तो फक्त फोटोपुरता.

“हा तुझा,” एक आजी वाटा पुढे सरकवत इंग्रजीत म्हणाली.

“नको, लोला.” तिथे आजीला लोला म्हणतात. “मी काहीच केलं नाही.”

“दोराला हात लावलास ना? मग घ्यायचा. आम्हाला लाजवतेस होय?”

बाकीच्या बायका हसल्या. मी फोटोचं सांगायला हवं होतं. पहाटेपासून जाळं ओढणाऱ्या त्या आजीचाही वाटा तेवढाच होता. आजोळी रापण लागली की मी पुस्तक घेऊन ओटीवर बसायचे. दुसऱ्यांच्या कष्टांकडे बघत राहायचं आणि नंतर त्यावर चार ओळी लिहायच्या, एवढंच मला जमत आलंय.

मी मासे घेतले. आजीने माझा तळवा उलटा करून पाहिला.

“किती मऊ गं! उद्या ये आणि जोर लावून ओढ. मी वाट बघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं परतीचं विमान होतं. मी हसून ‘हो’ म्हटलं.