पप्पांच्या वरचा मजला

आमच्या चर्चच्या धर्मग्रामातले लोक दर रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेत उभे राहून, खणखणीत आवाजात, देहाच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास असल्याचं जाहीर करतात. मग घरी जाऊन कबरीवर बसवायला ग्रॅनाइट पसंत करतात. तेही इतकं जाड, की आतला माणूस खरंच उठायला गेला तर आधी त्याचं कपाळ फुटेल. ख्रिस्ताच्या कबरीवरची धोंड देवदूताने एकट्याने लोटली. आमच्याकडे त्या बिचाऱ्याला क्रेन मागवावी लागली असती.

हे सगळं मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका पत्रकात छापलं होतं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि पत्रकं काढणं हा माझा पूर्णवेळ उद्योग होता. झाडतोडीविरुद्ध, विहिरी उपसणाऱ्या टँकरविरुद्ध, हाताला लागेल त्याच्याविरुद्ध. मी दुकानात शिरले की झेरॉक्सवाला विचारायचा, "आज कोणाचा नंबर?"

त्या वर्षी दफनभूमीचा नंबर लागला. उमेळ्याच्या वाड्या विकून ज्यांच्या घरी नवा टाइल्सचा जिना आला होता, त्यांना आता कायमची कबर हवी होती. दुसरीकडे नायगावच्या इमारतींत मुंबईहून ख्रिस्ती कुटुंबं राहायला येत होती, आणि राहायला आलेली माणसं कधीतरी मरणारही होती. दफनभूमी तेवढीच. जुनी पद्धत साधी होती. काही वर्षांनी कबर उघडायची, हाडं गोळा करून त्याच खड्ड्यात आणखी खाली पुरायची, वर नवा माणूस ठेवायचा. कायमची कबर घेतली की तो खड्डा पाळीतून बाद.

पत्रकाचा मथळा होता, 'प्रभूची कबर उसनी होती!' प्रभूला दुसऱ्याच्या कबरीत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याने ती रिकामी करून दिली. त्याच्याबरोबर आपण बाप्तिस्म्यात मेलो आणि त्याच्याबरोबर उठलो, असं आपण म्हणतो. त्याने साधा ताबा ठेवला नाही आणि आपल्याला मालकी हक्क पाहिजे? मागणी एकच. कायमच्या कबरी बंद करा. सगळे एका रांगेत, सगळे पाळीने.

मिस्सेनंतर हॉलमध्ये सभा झाली. पप्पांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे काका, पहिल्या रांगेतून उठले. ग्रॅनाइटची ऑर्डर त्यांचीही होती.

"पोरी, मेल्यावर तरी माणसाला स्वतःची जागा पाहिजे की नको?"

"काका, जिवंतपणी होती ती तुम्ही विकलीत."

हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने हसले ते मागे दाराशी बसलेले पप्पा. ठराव पास झाला. घरी जाताना पप्पा लंगडत माझ्या बाजूने चालत होते आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा बोलून दाखवत होते. आई दोन पावलं मागे होती. ती काही बोलत नव्हती. मी समजले, तिलाही अभिमान वाटतोय. पत्रकं काढणाऱ्याला एक सवय लागते. समोरचा गप्प बसला की तो आपल्या बाजूचा धरायचा.

पप्पा पुढच्याच वर्षी गेले. रांगेतल्या एका खड्ड्यात, लाकडी क्रुसाखाली. माझ्या नियमाप्रमाणे.

पाच वर्षं आई दर रविवारी तिथे जाऊन गवत उपटत होती. मग एका ईस्टरनंतर देवळाच्या फळ्यावर पाळीत आलेल्या कबरींची यादी लागली. त्यात पप्पांचा नंबर होता. आईने यादी वाचली, घरी आली, भाताचा कुकर लावला आणि म्हणाली, "तू दफनभूमीच्या समितीवर आहेस ना? फादरांना सांगून ये. मी तुझ्या पप्पांजवळ जाईपर्यंत ती कबर उघडायची नाही."

आणि मी गेले. होय, मीच. त्या काळात मी दर रविवारी दहावीच्या मुलांना धर्मशिक्षण देत होते. नवं जीवन मेल्यावर सुरू होत नाही, ते बाप्तिस्म्यापासून सुरू झालेलं आहे, जुनी माणसं आपण तिथेच पुरून आलो, असं फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारत होते. माझ्यातलं जुनं माणूस मात्र चप्पल घालून वशिला लावायला निघालं होतं.

"फादर, एक विनंती होती."

"लेखी दे. तुझं सगळं लेखी असतं."

"तोंडीच आहे."

"म्हणजे घरची आहे," फादर म्हणाले. मी सांगितलं. थोडी मुदतवाढ, फक्त एकच कबर, आईची तब्येत वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "देतो की. पण मग तुझ्या काकांनाही द्यावी लागेल. आणि उद्या तू माझ्याविरुद्ध पत्रक काढशील. ते चांगलंही असेल, हीच भीती आहे."

मी घरी येऊन आईला सांगितलं, की नियम सगळ्यांना सारखा. ती भाजी चिरत होती. तशीच चिरत राहिली.

"त्यांच्या डोक्यावर परका माणूस ठेवणार?"

"आई, पप्पांना ठराव मान्य होता. ते हसले होते."

"ते हसले. मला विचारलंस? साऱ्या गावाला शिकवलंस गे, मला एकदा विचारलंस?"

नव्हतं विचारलं. ज्या बाईला त्या कबरीशी सगळ्यात जास्त दिवस काढायचे होते, तिलाच. महिनाभर ती माझ्याशी 'जेवलीस का' एवढंच बोलली, आणि तेही उत्तर न ऐकता.

एके सकाळी कबर खणणाऱ्याचा निरोप आला. नायगावच्या एका इमारतीतला गृहस्थ वारला होता, दुपारी दफन. मला वाटलं आई येणार नाही. ती माझ्या आधी पोचली होती. काखेत धुतलेली पांढरी चादर. खणणारा हाडं काढून द्यायचा आणि ती एकेक पुसून चादरीवर ठेवायची, एरवी वाळलेले कपडे घडी करते तशी. मी उभी होते. पत्रकात याच्याबद्दल एक ओळ होती, 'अस्थी सन्मानपूर्वक हलवण्यात याव्यात.'

मग मांडीचं हाड आलं, आणि त्याच्याबरोबर स्टीलचा रॉड. रेतीच्या ट्रकने सायकल उडवली तेव्हा घातलेला. आईने तो हातात धरला आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"हा ठेवायचा का? तू शिकवतेस ना मुलांना. उठतील तेव्हा पाय बरा असेल की हा लागेल?"

मला देहाच्या पुनरुत्थानावर तासभर बोलता येतं. नवा देह, तेजस्वी देह. पण उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, हेही मीच शिकवते. मग रॉडचं काय? मी खणणाऱ्याकडे बघितलं.

"असू द्या की आत," खणणारा म्हणाला. "जड आहे का?"

"नको," आई म्हणाली. "उठल्यावर त्यांना चालायचंय. पाच वर्षं झोपलेत, पाय बरा झाला असेल." तिने रॉड पदरात गुंडाळला, चादरीच्या गाठी मारल्या आणि खड्ड्यात वाकून ती स्वतः खाली दिली. माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढा विश्वास नव्हता. ग्रॅनाइटवाल्यांना हसण्यात माझी बरीच वर्षं गेली. उठणं खरं आहे असं धरून कोणी हिशेबाने वागताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि ते माणूस माझ्या विरुद्ध बाजूचं निघालं होतं.

दुपारी वर नवा माणूस आला. आई घरी गेली नाही, मागे उभी राहून सगळी प्रार्थना म्हणाली.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन गेलो. क्रुसावर आता परकं नाव होतं, आणि त्या गृहस्थाची बायको आमच्याआधी येऊन माती सारखी करत बसली होती. मला वाटलं, आता जागेवरून भांडण होणार. आई शेजारी टेकली, तिने अर्धे झेंडू त्या बाईच्या हातात दिले आणि बोटाने खाली दाखवलं.

"तुमच्या खाली आमचे आहेत."

"हो, फादर बोलले." ती बाई ओशाळली. "आमच्यामुळे त्यांना..."

"ते जाऊ दे. एक काम आहे तुमच्या माणसाकडे. आमच्यांना हाक मारून जाग येत नाही. शेवटच्या दिवशी कर्णा वाजला तरी कुशीवर वळतील. तुमच्यांना म्हणावं, उठताना खाली जरा हलवून या."

ती बाई आधी माझ्याकडे बघायला लागली, मग हसली, मग डोळे पुसायला लागली.

"सांगते," ती म्हणाली. "आमचे तर साडेतीनलाच उठायचे. पहिली शिफ्ट होती ना."