पाचपैकी साडेतीन

रविवारी दुपारी स्वस्तातली अंबर एल बिअर ग्लासात ओतली आणि सवयीने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. माझी बायको सुमन बिअरला कधी तोंड लावायची नाही, पण प्रत्येक बिअरला मी वहीत जे दहापैकी गुण द्यायचो, त्यातले पाच तिच्या हातात असायचे. रंग आणि वास तिच्याकडे, चव माझ्याकडे.

"अहो, गुळाच्या कोऱ्या चहासारखा रंग आहे! स्वस्त म्हणून गुण कापायचे नाहीत हं," असं बजावायची.

आजचा रंगही अगदी तसाच होता. घोट घेतला. आधी भाजलेल्या पावाची गोडी, मग जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा. ती जाऊन वर्ष झालं. वहीत मी माझेच गुण लिहिले, पाचपैकी साडेतीन. दहापैकी किती, ते आता कळायचं नाही.