जांभळ्या रंगातली माझी काजूची बाग

महामार्गाच्या नव्या पुलाखालून एक रस्ता कुडाळकडे जातो, एक आमच्या गावाकडे. त्या तिठ्याला लागूनच माझी काजूची बाग. नवरा तेव्हा जहाजावर असायचा. कातळ फोडून खड्डे मी मारले, कळशीनं पाणी मी घातलं. आणि ग्रामसभेच्या दिवशी देवीच्या मंडपात नगररचना खात्याच्या साहेबांनी गावाच्या विकास आराखड्याचा नकाशा टांगला, तर माझी बाग जांभळी! निळं म्हणजे दुकानं-हॉटेलं, जांभळं म्हणजे कारखाने. अरे, पण मला विचारलं कुणी?

सरपंचांना तिथे कारखाने हवे होते, उपसरपंचांना दुकानं. "औद्योगिक क्षेत्र वाढवून घेऊ," सरपंच म्हणाले. "रस्त्यालगत व्यापारीच हवं," उपसरपंच म्हणाले. एरवी दोघंही टपरीवर मालवणीत शिव्या हासडतात, पण साहेबांसमोर काय ती शुद्ध भाषा! भांडत होते माझ्या जमिनीवरून आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. मी हात वर केला, तर सरपंच म्हणाले, "ताई, तुम्ही शेवटी बोला."

शेवट त्यांनी भलताच केला. उठले, देवीकडे तोंड केलं, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घालायला लागले. आमच्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं की देवाकडे केलेल्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच. लहानपणापासून तोंडात बसलेलं आहे ते.

"गावात कामधंदो येवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरांका हयच नोकरी मिळांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिठ्यार कारखानो उभो ऱ्हवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा मंडप गरजला. उपसरपंचसुद्धा!

साहेब बाहेरचे. खूश होऊन ग्रामसेवकाला म्हणाले, "लिहा, एकमताने मंजूर."

माझं डोकंच फिरलं. "काय लिवतास? खंयचां एकमत?" मी ओरडले. मग साहेबांना कळावं म्हणून भाषा बदलली. "साहेब, हे लोक देवीला हो म्हणाले, तुम्हाला नाही."

"ताई, खाली बसा."

बसते कसली! आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, तो मान मानकरी पुरुषांचा. गेला खड्ड्यात मान! मी तडक देवीसमोर गेले आणि हात जोडले.

"जेची जमीन तेका इचारल्याबिगर कोणाक रंग फासूक देव नको, म्हाराजा!"

बायकांच्या बाजूनं तेवढा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

"जेका कारखानो होयो, तेका आपली जमीन देवची बुद्धी दी, म्हाराजा!"

या वेळी पुरुषही ओरडले. सवयीनं की मनापासून, मला त्याचं काही पडलं नव्हतं. "आता हात वर करून मत घ्या," मी साहेबांना सांगितलं.

कारखान्यासाठी सरपंचांचा हात वर गेला, आजूबाजूला दुसरा हात नाही बघून हळूच खालीही आला. ग्रामसेवकानं लिहिलेलं खोडलं. ठराव नामंजूर.

बाहेर पडताना गावातले वयस्कर मानकरी आडवे आले. "बायलमाणसान गाऱ्हाणां घातलां," ते रागानं म्हणाले. "देवीक नारळ देवचो लागतलो."

"नारळ देतंय," मी म्हटलं. "जमीन देवचंय नाय."