वुक म्हणजे लांडगा

रोटोटुनातल्या आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याइतका तापट माणूस अख्ख्या न्यूझीलंडात दुसरा नसेल. तरुणपणी सर्बियातून आलेला, नाव वुक. त्या नावाला कुणी हात लावला की संपलंच. कॉफीवाल्या मुलीने कपावर ‘ल्यूक’ लिहिलं, तर याने भरलेला कप परत दिला आणि ल्यूक आला की त्याला द्या म्हणून सांगितलं. दवाखान्यात ‘मिस्टर व्हिक’ अशी हाक आली, तर ढिम्म बसून राहिला आणि नंबर गेला म्हणून पुन्हा भांडला. माझं लॉन वाढलं तरी डाफरायचा, फार बारीक कापलं तरी डाफरायचा. मीही काही ऐकून घेणारा नव्हे. मात्र भांडणाच्या दुसऱ्या दिवशी दारात त्याच्या बागेतले टोमॅटो हजर असायचे, त्यामुळे धड रागावताही यायचं नाही.

२०१५च्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले. बाबांचं नाव धोंडू. लाज वाटून जन्मभर त्यांनी ते आद्याक्षरांमागे लपवलं. इथे तर कुंपणावरून हात पुढे करून म्हणाले, “आय ॲम डॅनी.”

म्हातारा भडकला. हे नाव तुझ्या आईने ठेवलं का, म्हणून विचारू लागला. मी ते मराठीत सांगितल्यावर बाबाही भडकले. माझ्या नावाशी याचा काय संबंध, म्हणाले. दोघांच्या रागाचं भाषांतर करता करता माझंच डोकं फिरलं. शेवटी म्हाताऱ्याने स्वतःच्या नावाची गोष्ट सांगितली. वुक म्हणजे लांडगा. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. चेटकिणी तान्ही मुलं खातात, पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, अशी तिकडची जुनी समजूत. म्हणून आईने याला लांडगा केलं. “आणि ती पोरगी त्याचा ल्यूक करते,” तो म्हणाला.

बाबांच्या आधीचीही दोघं गेली होती. आजीने यमाला भीती घातली नाही. हा नुसता धोंडा आहे, नेऊन काय करशील, एवढंच सांगितलं.

“त्याला सांग, माझं नाव धोंडू,” बाबा म्हणाले. “आणि नीट म्हणायला लाव.”

म्हाताऱ्याला ते काही जमेना. स्वतःवर चिडलेला तो मला पहिल्यांदाच दिसला. बाबा परत जाईपर्यंत रोज कुंपणापाशी त्याची शिकवणी घेत आणि रोज रागावत.

२०१९मध्ये बाबा पुण्यात वारले. परत येऊन मी म्हाताऱ्याला सांगितलं. आधी तो माझ्यावरच खेकसला, मला लगेच का कळवलं नाहीस म्हणून. मग टोमॅटोची बादली खाली ठेवून “धोंडू” म्हणाला. अगदी नीट म्हणाला. ते ऐकायला बाबा नव्हते, याचा मला फार राग आला.