तिच्या वाटचा पाढा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. देऊळघाटच्या शिवारात नदीकाठी आमचा भाजीपाल्याचा मळा होता. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. गावातल्या गुरुजींनी स्वतःच्या घरी ठेवून खाऊपिऊ घातलं, म्हणून शिकलो. शिकलं की माणसाचं सगळं नीट होतं, अशी माझी श्रद्धाच होती. मी बुलढाण्याला कचेरीत कारकून होतो, सायकलने जाऊन-येऊन.

थोरली मुलगी तिसरीत असताना तापाने पडली. सांधे सुजले. ताप उतरला, पण डॉक्टर म्हणाले, "हृदयाला इजा झाली आहे. हिला चढ चढू देऊ नका." शाळा नदीपलीकडे, चढावर. म्हणून तिची शाळा मी घरीच भरवली. धाकट्याला त्याच वर्षी पहिलीत घालायचं होतं. तो अडून बसला. "ताई नाही त मी बी नाही जात."

माझे चुलते बांधावरून ओरडायचे, "काऊन बे, बी.ए. होऊन घरी पोट्टे वळून राह्यला काय?"

"आबा, तुम्ही बी या," मुलगी आतून म्हणायची. "पाटी घेऊन या पण!"

कचेरीत जाण्याआधी तिला भागाकार, त्याला मुळाक्षरं. तिची कविता चालू असली की हा स्वतःची पाटी विसरून तीच घोकायचा. दिवेलागणीला मात्र दोघांचा धडा एकच, पाढे. सलग म्हणताना तिला धाप लागायची, म्हणून मी पाढा वाटून दिला. एक ओळ तिची, पुढची त्याची.

"सात एके सात."

"सात दुणे चौदा."

बायको मेथीच्या जुड्या बांधत असायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिचे हात त्या तालावर चालायचे. एका ओळीला एक जुडी.

पुढच्या हिवाळ्यात मुलीला पुन्हा ताप आला. एस.टी.ने अकोल्याला नेलं. निघताना तिने धाकट्याला दम दिला, "माह्या ओळी म्हणू नको बरं. नाही त आल्यावर पाहीन तुले."

परत मी आणि बायको, दोघंच आलो. चुलत्यांनी धाकट्याला सांगून ठेवलं होतं, ताई अकोल्यालाच राहिली आहे. आम्हीही ते तसंच राहू दिलं. आमच्याच्याने दुसरं काही बोलवेना.

तो संध्याकाळी एकटाच पाढे म्हणू लागला. आपली ओळ म्हणायचा, थांबायचा, मग पुढची आपली ओळ. तो थांबला की बायकोचे हातही थांबायचे.

शाळा उघडली तेव्हा त्याला शाळेत घातलं. थोड्याच दिवसांत गुरुजींनी मला बोलावलं. मला शिकवणारे तेच गुरुजी, आता थकले होते. त्यांनी वर्गात साताचा पाढा विचारला होता. हा उभा राहिला. "सात दुणे चौदा." थांबला. "सात चोक अठ्ठावीस." पुन्हा थांबला. पोरं हसली.

"मधलं कुठी गेलं बे?" गुरुजींनी विचारलं होतं.

"ते माह्यं नाही, गुरुजी. ताईचं हाय."

हे सांगताना गुरुजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. "त्याले पूरा पाढा शिकव बापा," म्हणाले. "पोरगं अर्ध्यावर राहील."

त्या संध्याकाळी मी त्याला समोर बसवलं.

"राहू द्या ना," बायको म्हणाली. "तेवढं तरी राहू द्या तिचं."

"त्याले शिकायचं हाय," मी म्हणालो.

मुलगा माझ्याकडे पाहत होता. "पण मंग ताई आल्यावर मले मारंल ना?"

"तोवर तू सांभाळ," मी म्हणालो. "ती आली की तिच्या ओळी तिले देऊन टाकू."

त्याने जरा विचार केला आणि मान हलवली. मग रोज शिकला. तिच्या ओळींशी अडखळायचा, कोणाची वस्तू न विचारता घेतल्यासारखा. मी पुन्हा म्हणवून घ्यायचो.

एक दिवस दिवा लागल्यावर तो आपणहूनच उभा राहिला. हाताची घडी घातली आणि सात एके सातपासून सात दाहे सत्तरपर्यंत एका दमात म्हणून गेला. कुठेही थांबला नाही.

बायकोच्या हातात मेथी तशीच होती. तिने तोंडाला पदर लावला.

"पूरा झाला ना, बाबा?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "पूरा झाला."